चुकीच्या उपचाराची भरपाई : मर्यादा वरून हवी की खालून?

गेल्या महिन्यात विहारात महिला मंडळाची बैठक होती. वंदना झाल्यावर एका ताईने विचारले, "सिस्टर, डॉक्टरच्या चुकीने माणूस गेला तर कोर्ट कोटी कोटी रुपये देतं म्हणे. आणि डॉक्टर लोक म्हणतात, या रकमेला कायद्यानं मर्यादा घाला. मग खरं कुणाचं?" प्रश्न महत्त्वाचा होता. पाच मिनिटांत उत्तर देण्यासारखा नव्हता, म्हणून या महिन्याचा आरोग्य अभ्यासवर्ग त्यावरच घेत आहे. हा लेख रविवारी विहारात मोठ्याने वाचावा, त्यावर चर्चा करावी. शेवटी प्रश्न दिले आहेत.

हलगर्जीपणा कशाला म्हणायचे?

आधी एक गोष्ट पक्की समजून घेऊ. दवाखान्यात झालेला प्रत्येक मृत्यू हा डॉक्टरचा गुन्हा नसतो. नीट उपचार करूनही माणूस जातो. साधारण कुशल डॉक्टर किंवा नर्स जी काळजी घेते ती न घेतल्यामुळे रुग्णाला इजा झाली, तर त्याला हलगर्जीपणा म्हणतात. ऑपरेशननंतर पोट शिवण्याआधी मॉप मोजायचे असतात. आत घेतले दहा, बाहेर आले नऊ, तर पोट शिवायचे नाही. नर्सिंगच्या शिक्षणात आम्हाला हे घोटून घोटून शिकवतात. ते मोजले गेले नाहीत, तर तो हलगर्जीपणा. पण मॉप बरोबर मोजले, सगळी काळजी घेतली आणि तरी जंतुसंसर्ग झाला, तर तो हलगर्जीपणा असेलच असे नाही.

म्हणून माणूस गेला की दवाखान्याच्या काचा फोडायच्या, सिस्टरला शिवीगाळ करायची, हे बंद झाले पाहिजे. त्याने न्याय मिळत नाही. उलट आपल्याच पोरांवर केस होते. आपला मार्ग संविधानाचा आहे.

आज कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला. डॉक्टरांची सेवा त्यात येते की नाही यावर वाद झाला. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्यात येते. ज्या रुग्णालयात काही रुग्ण पैसे भरतात आणि काहींवर मोफत उपचार होतात, तिथल्या मोफत रुग्णालाही तक्रार करता येते. मात्र जिथे सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते, ती रुग्णालये या कायद्याच्या बाहेर राहिली. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. तेव्हा पुन्हा डॉक्टरांना वगळावे अशी याचिका झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला.

भरपाई किती द्यायची याला आपल्या देशात कायद्याने वरची मर्यादा नाही. न्यायालय नुकसान पाहून रक्कम ठरवते. ही मर्यादा आणावी, ही डॉक्टरांच्या संघटनेची जुनी मागणी आहे.

डॉक्टरांचे म्हणणे काय?

ते नीट ऐकले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. तालुक्याच्या गावी दहा खाटांचे नर्सिंग होम चालवणारा डॉक्टर एका मोठ्या निकालाने उद्ध्वस्त होऊ शकतो. आपल्या समाजाची मुले कर्ज काढून डॉक्टर झाली, त्यांनी आपल्याच वस्त्यांत दवाखाने उघडले. त्यांनाही ही भीती आहे. भीती वाढली की डॉक्टर अवघड केस हातात घेत नाही. "पुढे घेऊन जा" म्हणतो. बाळंतीण रिक्षात घालून एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरवली जाते. भीतीपोटी जादा तपासण्या लिहिल्या जातात, त्याचे बिल शेवटी रुग्णच भरतो.

दुसरा मुद्दा ते असा मांडतात की रेल्वे अपघातात मृत्यू झाला तर भरपाई ठरलेली असते. २०१७ पासून ती ८ लाख रुपये आहे. मग दवाखान्यातच अमर्याद का?

या दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर सोपे आहे. रेल्वेची रक्कम ठरलेली आहे, कारण तिथे रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात झाला, माणूस गेला, एवढे पुरते. दवाखान्याच्या बाबतीत चूक रुग्णाच्या घरच्यांनी सिद्ध करायची असते. केसपेपर रुग्णालयाच्या ताब्यात, भाषा इंग्रजी, आणि एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध मत द्यायला सहसा तयार होत नाही. एवढे सगळे पार करून चूक सिद्ध केल्यावर पुन्हा रकमेला मर्यादा, हे एकतर्फी होईल.

पहिला मुद्दा मात्र गंभीर आहे. त्याकडे शेवटी येऊ. आधी हे पाहू की मोठी रक्कम येते कुठून.

कोटींचा हिशेब

देशातला सर्वात गाजलेला खटला डॉ. कुणाल साहा यांचा. ते अमेरिकेत राहणारे डॉक्टर. १९९८ साली पत्नीसह कोलकात्याला आले असता पत्नीच्या अंगावर पुरळ उठले. तिथे त्यांना स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा प्रमाणाबाहेर डोस दिला गेला. अंगाची कातडी सुटू लागली. मुंबईला हलवले, पण २८ मे १९९८ रोजी त्यांचा मृत्यू झाला. १५ वर्षे लढल्यावर ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६ कोटी रुपये आणि त्यावर ६ टक्के व्याज मंजूर केले.

हा आकडा ऐकून सगळे दचकतात. पण त्याची फोड बघा. त्यात सुमारे पावणेसहा कोटी रुपये हे त्या बाईंच्या बुडालेल्या उत्पन्नाचे होते, कारण त्या अमेरिकेत शिकलेल्या आणि तिथे कमावू शकणाऱ्या होत्या. त्यांनी सोसलेल्या यातनांचे १० लाख आणि पतीने गमावलेल्या सहवासाचा १ लाख. आणखी एक गोष्ट. तिन्ही डॉक्टरांचा वाटा मिळून २५ लाख होता. बाकीची सगळी रक्कम रुग्णालयाने द्यायची होती.

दुसरा खटला हैदराबादचा. १९९० साली इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या वीस वर्षांच्या मुलावर तिथल्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये छातीतल्या गाठीसाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्याच्या कमरेखालचे अंग लुळे पडले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला १ कोटी रुपये दिले. त्यात आयुष्यभराच्या शुश्रूषेचा हिशेब होता. परिचारिकेचे महिना ४ हजार रुपये धरून ३० वर्षांचे १४ लाख ४० हजार. मी नर्स म्हणून सांगते, महिना ४ हजारात कमरेखाली लुळ्या माणसाची सेवा करायला आज कुणी येणार नाही. म्हणजे १ कोटी ही लॉटरी नव्हती.

आपल्या माणसाचा हिशेब

आता आपल्या घरातली बाई घ्या. वय ३२, महिना ८ हजार रुपये मजुरी, घरात नवरा आणि दोन मुले. मोटार अपघाताच्या खटल्यांत जी पद्धत वापरतात, तिने ढोबळ हिशेब करू. वर्षाची मजुरी ९६ हजार. त्यातून तिचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा, राहिले ६४ हजार. ३२ वर्षांच्या वयाला १६ ने गुणतात. झाले १० लाख २४ हजार. याच वयाची आणि महिना १ लाख पगार घेणारी बाई असेल, तर याच हिशेबाने १ कोटी २८ लाख. वैद्यकीय खटल्यात न्यायालयावर या पद्धतीचे बंधन नाही, पण हिशेबाचा पाया उत्पन्नच राहतो.

मृत्यू तोच, चूक तीच. आणि मजुरीची पावती कुठून आणणार? ती नसली तर हा आकडाही खाली येतो.

आपल्या लोकांना प्रत्यक्षात काय मिळाले त्याची दोन उदाहरणे देते. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीवर कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोटात मॉप राहिला आणि त्या माउलीचा मृत्यू झाला. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हा खटला चालला. खालच्या कोर्टाने भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती काढून घेतली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दिली. शेवटचा निकाल १९९६ साली लागला. रक्कम ३६ हजार रुपये. मृत्यूनंतर ३३ वर्षांनी.

दुसरे उदाहरण हरयाणातले. मजुरी करणारी संत्रा नावाची बाई, आधीच सात मुले. सरकारी दवाखान्यात नसबंदी करून घेतली. डॉक्टरांनी एकाच बाजूची नळी बंद केली आणि तिला पुन्हा मूल झाले. सरकार ही किरकोळ रक्कम द्यायची नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००० साली न्यायालयाने त्या बाईची बाजू उचलून धरली. रक्कम होती ५४ हजार रुपये.

हे खटले निदान कोर्टात गेले. बहुतेक जातच नाहीत. एक गोष्ट मला आज सांगितलीच पाहिजे. मी नोकरीत होते तेव्हाची. एका खाजगी दवाखान्यात सिझेरियननंतर एका बाईला रक्तस्राव सुरू झाला. रात्रपाळीला डॉक्टर हजर नव्हते. आले तोवर उशीर झाला होता. सकाळी तिच्या सासूला आणि नवऱ्याला आतल्या खोलीत बसवले, ५० हजार रुपये टेबलावर ठेवले आणि आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही असा कागद पुढे केला. सासूला लिहिता येत नव्हते. शाईचे पॅड मी आणून दिले. त्या आजीने अंगठा उठवला आणि शाई लागलेला हात पदराला पुसला. ती मला म्हणाली, "बाई, बाळाच्या दुधाचं तरी होईल." मी काहीच बोलले नाही. पुढे मी नोकरी सोडून या कामात आले, त्याला इतर कारणेही होती, पण हे एक होते.

त्या घराला वरची मर्यादा २५ लाख असती काय आणि २५ कोटी असती काय, काय फरक पडणार होता?

मग मर्यादेने आपले काय बिघडते?

कुणी म्हणेल, आपल्याला मोठी रक्कम मिळतच नाही, तर मर्यादा आली तरी आपले काय जाते? जाते. दोन ठिकाणी जाते.

पहिले म्हणजे रुग्ण जिवंत राहून अपंग झाला तर. लुळा माणूस गरीब असो की श्रीमंत, दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची नळी, डायपर, ड्रेसिंग, फिजिओथेरपी, यांचा दर जात आणि पगार पाहून कमी होत नाही. श्रीमंत घर ते आपल्या पैशातून भागवील. आपल्या घरी त्याची आई किंवा बायको मजुरी सोडून उशाशी बसते. म्हणजे दोन मजुऱ्या जातात. या खर्चाला मर्यादा घातली, तर उरलेले ओझे तिच्याच डोक्यावर येते.

दुसरे म्हणजे ज्यांचे उत्पन्न कागदावर नाही त्यांचे. लहान मूल, घर सांभाळणारी बाई, म्हातारी माणसे. त्यांच्या भरपाईत यातना आणि दुःख यांचाच भाग मोठा असतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९७५ साली नेमकी याच भागाला अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली. उपचारखर्च आणि बुडालेला पगार यांना मर्यादा नव्हती. त्यामुळे पगारदार माणसाचा दावा मोठाच राहिला आणि मूल किंवा गृहिणी गेली तर दावा लहान झाला. तिथले वकील मिळालेल्या भरपाईतून वाटा घेतात, म्हणून असे लहान दावे ते घेईनासे झाले. महागाई वाढली तरी अडीच लाखांचा आकडा ४७ वर्षे हलला नाही. शेवटी २०२२ साली कायदा बदलावा लागला आणि २०२३ पासून मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढू लागली. कायद्यात घातलेला आकडा किती काळ गोठून राहतो, हे यातून कळते.

आपल्या न्यायालयाने याबाबतीत चांगला रस्ता दाखवला आहे. १९९३ साली स्प्रिंग मेडोज रुग्णालयात एका मुलाला पुरेशी पात्रता नसलेल्या नर्सने चुकीचे इंजेक्शन दिले. त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मनस्तापाचे वेगळे ५ लाख कायम केले. मूल कमावत नव्हते, तरी त्याच्या आयुष्याला आणि आईबापाच्या दुःखाला किंमत दिली. २०२१ साली मोटार अपघाताच्या एका खटल्यात न्यायालयाने गृहिणीच्या घरकामाचेही उत्पन्न धरले पाहिजे असे सांगितले. हे आपण पुढे नेले पाहिजे.

मग काय मागायचे?

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. कामगार बाई बाळंतपणात कमावत नाही, तरी तिच्या विश्रांतीचा भार उचलणे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती. कमाईवरून माणसाचे मोल ठरवायचे नाही, हे त्यात आहे. त्याच विचाराने मला वाटते, आपण चार गोष्टी मागाव्यात.

१. भरपाईला वरची मर्यादा नको, खालची हवी. हलगर्जीपणा सिद्ध झाला तर मजुराच्या, गृहिणीच्या आणि मुलाच्या जिवाला ठरावीक रकमेपेक्षा कमी देता येणार नाही असा नियम हवा, आणि ती रक्कम महागाईप्रमाणे दर काही वर्षांनी वाढावी.

२. अपंग झालेल्या रुग्णाचा शुश्रूषेचा खर्च प्रत्यक्षात लागेल तेवढा मिळावा. घरातली बाई सेवा करते म्हणून तो शून्य धरू नये.

३. खटला लांबला तर उपचारापुरती रक्कम आधी मिळावी. ३३ वर्षांनी मिळालेले ३६ हजार कुणाच्या उपयोगाचे?

४. प्रत्येक रुग्णालयाला विमा सक्तीचा करावा. डॉक्टरांच्या पहिल्या मुद्द्याचे उत्तर यात आहे. लहान डॉक्टरचे घर विकले जाऊ नये आणि रुग्णाचे घरही उघडे पडू नये, हे दोन्ही विम्याने साधते. हाताखालच्या सिस्टरला आणि वॉर्डबॉयला पुढे करून मालकाने हात झटकणेही थांबले पाहिजे.

तोवर आपण काय करायचे?

- केसपेपर लगेच लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत प्रती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.
- औषधांच्या चिठ्ठ्या, बिले, तपासण्या, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. मृत्यूबद्दल शंका असेल तर पोस्टमॉर्टेमला नाही म्हणू नका.
- कोऱ्या किंवा न समजलेल्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. "उद्या देतो" म्हणा आणि कुणाला तरी वाचून घ्या.
- खाजगी दवाखान्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करा. आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. उपचाराला दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही.
- सगळ्यांना मोफत असलेल्या सरकारी दवाखान्याची चूक असेल तर दिवाणी न्यायालय किंवा उच्च न्यायालय हा मार्ग आहे. रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयांनी दाखल करून घेतले नाही, तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम ३२ खाली त्याला २५ हजार रुपये दिले. हेच ते कलम, ज्याला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा म्हटले.
- अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा.

भगवान बुद्धांनी अतिसाराने घाणीत पडलेल्या, कुणी न विचारलेल्या भिक्खूला आनंदासह स्वतःच्या हाताने आंघोळ घातली, हे आपण सगळे जाणतो. तो भिक्खू काय कमावतो हे त्यांनी विचारले नाही. आपल्याला कायदा तसा हवा आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीत दवाखान्याशी "मिटवून घेतलेली" प्रकरणे किती? त्या घरांची आज काय स्थिती आहे?

२. घर सांभाळणाऱ्या बाईच्या दिवसभराच्या कामाची मजुरी काढली तर महिन्याला किती होईल? सगळ्यांनी मिळून मांडून पाहा.

३. आपल्या समाजातल्या डॉक्टरांना आणि नर्सना या चर्चेला बोलवाल का? त्यांची भीती त्यांच्याच तोंडून ऐका.

नमो बुद्धाय, जयभीम!